लॉख गरचं तळं आणि गावाचा हक्क

आयर्लंडच्या लिमरिक शहरातून दक्षिणेला वीसेक किलोमीटर गेलं की ब्रफ गावाच्या अलीकडे लॉख गर हे तळं लागतं. तळं उथळ आहे आणि नॉकाडूनच्या टेकडीला अर्धा वळसा घालून पसरलेलं आहे. त्याच्या आसपास सुमारे सहा हजार वर्षांच्या वस्तीच्या खुणा आहेत: नवाश्मयुगातल्या घरांचे पाये, पाचरीच्या आकाराचं महाश्मथडगं, ग्रेंजचं शिलावर्तुळ, कॅरिग अलीच्या दगडी गढ्या, पाण्यात भर घालून माणसांनी केलेलं बेट, डेझमंड सरदारांच्या काळचे किल्ले. काठावर जुन्या घरांच्या धर्तीवर बांधलेलं, शाकारलेल्या छपराचं माहिती केंद्र आहे आणि ते चालवते गावकऱ्यांची सहकारी संस्था.

अशा केंद्रांचं पुढे काय करायचं, हा आयर्लंडमधला खरा सार्वजनिक प्रश्न आहे. एक मत असं की एवढा मोलाचा वारसा स्वयंसेवकांच्या भरवशावर सोडू नये, तो सरकारी खात्याने थेट चालवावा. दुसरं मत असं की गावाने चालवावं, पण स्वतःच्या कमाईवर. तिकिटं खपली तर टिकेल, नाही तर बंद होईल. आमच्या मते दोन्ही मतं अपुरी आहेत. केंद्र गावाकडेच राहायला हवं. मात्र त्यासाठी गावाला दोन गोष्टी मिळायला हव्यात: कायम माणसांच्या पगाराची काही वर्षांची हमी आणि तळ्याच्या पाण्याबाबतच्या निर्णयात अधिकृत जागा. आज गावाच्या वाट्याला तिकीटखिडकी, झाडलोट आणि पाट्या येतात. ज्या पाण्यावर आणि गाळावर सगळं उभं आहे, त्याचे निर्णय दुसऱ्या टेबलांवर होतात.

गाळापासूनच सुरुवात करायला हवी, कारण लॉख गरचा निम्मा इतिहास त्यातून वर आला. १९व्या शतकाच्या मध्याला शेतजमिनीसाठी तळ्याचं पाणी काढून पातळी खाली आणली. उघड्या पडलेल्या काठावर हाडं, दगडी कुऱ्हाडी, काशाची हत्यारं मिळू लागली. त्या काळी नोंद ठेवण्याची शिस्त नव्हती. वस्तू विकल्या गेल्या, संग्राहकांच्या कपाटांत गेल्या, आणि कुठली वस्तू नेमकी कुठे, कुठल्या थरात सापडली हे कायमचं हरवलं. १८७२ साली परिसरातल्या दलदलीत सापडलेली काशाची ढाल, सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाची, उठावाच्या गोल ठिपक्यांच्या सहा वलयांनी सजवलेली, आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पद्धतशीर उत्खनन सुरू झालं ते १९३६मध्ये, शॉन पी. ओ रिअरडॉन यांच्या हाताखाली, आणि १९५४पर्यंत टप्प्याटप्प्याने चाललं. आयर्लंडमधल्या नवाश्मयुगीन घरांविषयी आज जे ठामपणे सांगता येतं, त्यातला मोठा भाग या उत्खननातून आला आहे.

लाकूड, चामडं, विणलेल्या टोपल्या या वस्तू कोरड्या मातीत टिकत नाहीत. पाण्याखालच्या गाळात प्राणवायू पोहोचत नाही, त्यामुळे कुजवणारे जंतू तिथे काम करू शकत नाहीत. पातळी पुन्हा उतरली, काठ उन्हात वाळला, की असं लाकूड आक्रसतं, तडकतं आणि काही उन्हाळ्यांतच भुगा होतं. म्हणून लॉख गरमध्ये पाण्याची पातळी राखणं हीच पुरातत्त्वाची पहिली अट ठरते. उलट पातळी वाढवायची म्हटलं तर काठची कुरणं पाण्याखाली जातात. त्या कुरणांचे मालक याच गावात राहतात, त्यांतले काही संस्थेचे सभासदही असणार. खात्याच्या पत्रावरून हा तिढा सुटत नाही. तो गावातल्या खोलीत, नकाशा समोर ठेवून, एकमेकांना तोंडावर सांगता येईल अशा माणसांमध्ये सुटतो.

त्याहून अवघड दुखणं नीलहरित शैवालाचं आहे. उन्हाळ्यात तळ्यावर हिरव्या रंगाची साय धरते आणि काठावर इशाऱ्याच्या पाट्या लागतात. ही साय विषारी असू शकते. कुत्र्याने ते पाणी प्यायलं किंवा पोहून आल्यावर अंग चाटलं तर काही तासांत ते मरू शकतं. माणसांना पुरळ, उलट्या, जुलाब होतात. पाणी उकळून विष जात नाही.

कारण आहे फॉस्फरस. पाण्याच्या दर्जाच्या नियमांत आयर्लंडमधल्या तळ्याला ‘चांगली’ स्थिती मिळण्यासाठी एकूण फॉस्फरसची वार्षिक सरासरी लिटरला ०.०२५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. तो येतो शेतातून आणि घरांच्या सेप्टिक टाक्यांमधून. आयर्लंडमधल्या सुमारे पाच लाख घरांचं सांडपाणी अशा टाक्यांत जातं, आणि तपासणीत साधारण निम्म्या टाक्या नापास होतात. कुठे टाकी वर्षानुवर्षं उपसलेली नसते, कुठे ती गळते, कुठे तिचं पाणी सरळ ओढ्यात सोडलेलं असतं. गोठ्यांखाली हिवाळाभर साठवलेला शेण-मुताचा पातळ राडा शेतात पसरायला ऑक्टोबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत बंदी असते, आणि तळ्याच्या काठापासून २० मीटरपर्यंत तो कधीच टाकायचा नसतो. नियम चांगला आहे. पण बंदी उठली की पहिल्याच आठवड्यात, जमीन पाण्याने भरलेली असताना आणि पाऊस समोर दिसत असताना राड्याची टाकी रिकामी केली, तर कायदा न मोडताही राडा चरांतून तळ्यात पोहोचतो. शेतकऱ्याला खलनायक ठरवून काही साधत नाही. टाकी लहान, हिवाळा लांब, मोठ्या टाकीचा खर्च भारी, अशी त्याची अडचण खरी आहे. मोठी टाकी बांधायला अनुदान आणि कोणत्या शेताला फॉस्फरसची गरजच नाही हे सांगणारी माती तपासणी, या दोन गोष्टींनी दंडापेक्षा जास्त फरक पडतो.

बाहेरून येणारा फॉस्फरस उद्या थांबला तरी तळं लगेच बरं होणार नाही. एवढ्या वर्षांचा साठा गाळात आहे. तिथे तो लोहाशी बांधलेला असतो. उन्हाळ्यात तळाचं पाणी प्राणवायूशिवाय राहिलं की लोहाचं रूप बदलतं आणि फॉस्फरस सुटून वर येतो. दाट शैवालामुळे पाण्याचा सामू (पीएच) वाढला, तरीही तो सुटतो. उथळ तळ्यात वारा गाळ ढवळतो आणि भर घालतो. याला अंतर्गत भार म्हणतात, आणि तो उतरायला दशकं लागू शकतात.

इतर देशांत यावर तीन उपाय करतात: गाळ उपसणं, फॉस्फरस बांधून ठेवणारी तुरटी किंवा लँथॅनमयुक्त माती पाण्यात टाकणं, आणि तळाला हवा सोडणं. लॉख गरमध्ये यातला प्रत्येक उपाय इतिहासाला भिडतो. गाळ उपसणारं यंत्र लावलं तर जे १९व्या शतकात झालं तेच जास्त वेगाने होईल. हवा सोडायची तर जो प्राणवायूचा अभाव फॉस्फरस सोडतो, तोच जुनं लाकूड सांभाळतो. वरच्या थरात प्राणवायू खेळवताना उथळावर पुरलेल्या वस्तूंचं काय होईल, हे जागोजागी तपासूनच ठरवावं लागेल. रसायन टाकायचं तर आधी बाहेरची आवक रोखायला हवी, नाही तर थोड्याच वर्षांत पुन्हा तेवढाच खर्च. पाण्याचं खातं एकटं निर्णय घेईल तर पुरातत्त्व बुडेल, आणि पुरातत्त्वाचं खातं एकटं ‘हात लावू नका’ म्हणेल तर तळं. दोघांना एका टेबलावर बसवून वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारं कोणी तरी तिथेच राहणारं असावं लागतं. बदलीवर येणाऱ्या अधिकाऱ्याला तो वेळ मिळत नाही.

रोजच्या पहाऱ्याचंही तसंच. शैवालाच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पिशव्या असतात, त्यामुळे ते शांत हवेत पृष्ठभागावर तरंगत येतं आणि मग वारा नेईल त्या काठाला गोळा होतं. सकाळी स्वच्छ दिसलेला काठ दुपारी हिरवा होऊ शकतो. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी घेतलेला नमुना याचा अर्धाच हिशेब देतो. केंद्रातला माणूस मात्र रोज काठाने जातो. त्याला साधी चाचणी शिकवता येते. हातमोजे घालून काचेच्या पारदर्शक बरणीत तीन चतुर्थांश पाणी घ्यायचं, झाकण लावायचं, न हलवता अर्धा तास ठेवायचं. हिरवा थर वर आला तर नीलहरित शैवालाचा दाट संशय. खाली बसला तर बहुधा साधं शैवाल. पाण्यात काठी फिरवून उचलली आणि तिला केसासारखे लांब धागे लोंबले, तर तेही साधं शैवाल. काळे-पांढरे चतकोर रंगवलेली २० सेंटिमीटरची तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते आठवड्याला एकदा लिहून ठेवलं, की पाच वर्षांत तळ्याची प्रकृती सांगणारी वही तयार होते. यामुळे प्रयोगशाळेची गरज संपत नाही, पण नमुना केव्हा आणि कुठून घ्यायचा हे कळतं. आज असं काम झालं तर ते कुणाच्या तरी आवडीवर होतं. ते केंद्राच्या ठरलेल्या, पैसे मिळणाऱ्या कामांत असायला हवं.

आता माणसांचा हिशेब. गावाने चालवलेली आयरिश केंद्रं बऱ्याचदा सरकारच्या सामुदायिक रोजगार योजनेवर तगतात. १९९४पासून चालणाऱ्या या योजनेतला माणूस आठवड्याला १९.५ तास काम करतो. समजा केंद्र आठवड्याचे सातही दिवस सकाळी दहा ते संध्याकाळी पाच उघडं ठेवायचं, म्हणजे ४९ तास. एका खुर्चीवर कोणी तरी सतत असावं यासाठी अडीच माणसं लागतात, आजारपण आणि रजा धरली तर तीन. ही माणसं ठरावीक मुदतीने बदलतात, कारण योजना त्यांना पुढच्या नोकरीसाठी तयार करण्यासाठी आहे. योजनेच्या दृष्टीने ते बरोबरच. पण ज्याला शिलावर्तुळाची माहिती, टेकडीवरची निसरडी वाट, शाळेच्या सहलीला कुठे थांबवायचं हे सगळं नीट येऊ लागतं, तोच निघून जातो. शिकवण्याचं काम पुन्हा त्याच एकदोन जुन्या माणसांवर, आणि ती दमतात. गावकीची केंद्रं बंद पडतात तेव्हा कारण म्हणून कमी गर्दी सांगितली जाते; पुष्कळदा त्याआधी माणसं थकलेली असतात. दोन कायम पदं, पाच वर्षांच्या करारावर, एवढी हमी सरकारने द्यावी. रोजगार योजनेतली माणसं त्यांच्या जोडीला असावीत, त्यांच्या जागी नव्हे.

पैशांच्या वेळापत्रकातही अशीच गफलत आहे. जुन्या वास्तूंच्या डागडुजीसाठी २०२०पासून कम्युनिटी मॉन्युमेंट्स फंड आहे आणि तो खरंच उपयोगी आहे. पण पैसा एका वर्षाचा, आणि काम त्याच वर्षी पुरं करायचं. वसंतात मंजुरी आली की नोंदणीकृत पुरातन स्थळावर काम करण्याआधी १९९४च्या कायद्यानुसार दोन महिन्यांची सूचना द्यावी लागते. पक्ष्यांच्या विणीसाठी १ मार्च ते ३१ ऑगस्ट झाडोरा तोडायला बंदी. म्हणजे भिंतीवरची वेल सप्टेंबरआधी काढता येत नाही. दगडांच्या सांध्यांत भरलेला चुना साधारण पाच अंशांखाली धरत नाही आणि पाणी गोठण्याइतकी थंडी पडली तर ओला चुना फुगून झडतो. सगळं धरून हातात सहाआठ आठवडे उरतात, तेही पावसाचे. घाईत वेल उपटली की मुळांबरोबर दगड निघतात, आणि चुना न वाळता हिवाळ्यात जातो. पुढच्या वर्षी तीच भिंत पुन्हा अर्जात. पहिल्या वर्षी पाहणी, परवानगी आणि वेल मुळाशी कापून वाळू देणं. दुसऱ्या वर्षी मे ते ऑगस्ट गवंडीकाम. तिसऱ्या वर्षी देखरेख. असा तीन वर्षांचा निधी दिला तर एकूण खर्च वाढणार नाही, कामं मात्र टिकतील.

शाकारलेल्या छपराचंही लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. छपराचा उतार ४५ ते ५० अंश हवा, नाही तर पाणी उतरण्याऐवजी मुरतं. पाणवेताचं छप्पर आयर्लंडच्या दमट हवेत दोनतीन दशकं जातं, पण त्याचा कणा दहापंधरा वर्षांत नवा करावा लागतो. झाडाची फांदी वर आली की सावलीत शेवाळ धरतं, म्हणून फांद्या वेळेवर छाटणं हीच सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. खरी अडचण विम्याची आहे. शाकारलेल्या इमारतीला विमा द्यायला कंपन्या कचरतात, हप्ता परवडत नाही, आणि विमा नसेल तर शाळा सहल पाठवत नाहीत. उघड्या माळावर कोणी घसरून पडलं तर दाव्याची भीती वेगळीच. २०२३ साली जागामालकाच्या जबाबदारीचा कायदा बदलून, जाणूनबुजून पत्करलेल्या धोक्याची जबाबदारी काही प्रमाणात येणाऱ्यावर टाकली, हे योग्य झालं. पण छपराच्या विम्याचं कोडं तसंच आहे, आणि त्यासाठी सरकारने मागे उभं राहणं भाग आहे.

सरकारी व्यवस्थापनाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. ऑफिस ऑफ पब्लिक वर्क्स या सरकारी बांधकाम खात्याकडे देशभरातली शेकडो स्थळं आहेत, वास्तुसंवर्धनाचे कसलेले कारागीर आहेत, एकसारखी शिस्त आहे. गावच्या संस्थेत भांडणं होतात, हिशेब रेंगाळतात, दोनतीन घराण्यांचं वर्चस्व येतं. सहकाराचे हे रोग मराठी वाचकाला नव्याने सांगायला नकोत. म्हणून दगडांच्या संवर्धनाचा तांत्रिक अधिकार राज्याकडेच असावा, याबद्दल दुमत नाही. पण दार उघडणं आणि अर्थ सांगणं हे काम मोठ्या यंत्रणेकडे गेलं की काय होतं, तेही याच भागाने पाहिलं आहे. २०२० साली महामारीत पर्यटक आटले तेव्हा बनरॅटीचा किल्ला आणि लिमरिकचा किंग जॉन्स कॅसल ऑगस्टअखेर बंद करायचा निर्णय जाहीर झाला. लोकांनी आवाज उठवल्यावर सरकारने पैसे देऊन ते वर्षअखेरपर्यंत उघडे ठेवले. दूरच्या ताळेबंदात तोटा दिसला की कुलूप हा पहिला उपाय ठरतो. गावाच्या संस्थेत एक सभासद एक मत, आणि कुलूप लावायचं तर शेजाऱ्यांच्या समोर लावावं लागतं. सहकाराची आयरिश परंपराही परकी नाही: होरेस प्लंकेट यांच्या चळवळीतली पहिली सहकारी दुग्धशाळा १८८९ साली याच लिमरिक परगण्यात, ड्रमकॉलहरला सुरू झाली.

अर्थ सांगण्याचं काम गावाकडे का हवं, याला ग्रेंज हे उत्तम उदाहरण आहे. ११३ दगडांचं हे वर्तुळ, सुमारे ४५ मीटर व्यासाचं, आयर्लंडमधलं सर्वांत मोठं उभं शिलावर्तुळ. त्यातल्या ४० टनांच्या आसपास वजनाच्या सर्वांत मोठ्या दगडाला क्रॉम डू या जुन्या दैवताचं नाव आहे. वर्तुळाच्या काळाबद्दल तज्ज्ञांत अजून वाद आहे, आणि काही दगड १९व्या शतकात पुन्हा उभे केले गेले. चांगला वाटाड्या हे लपवत नाही. शेजारच्या नॉकेनी टेकडीवर ऑन्या देवीसाठी मध्यग्रीष्माच्या रात्री पेटत्या चुडी घेऊन जायची रीत १९व्या शतकापर्यंत होती. त्या चुडी मग शेतांतून आणि गुरांमधून फिरवत. १३९८ साली वारलेला तिसरा डेझमंड सरदार, आयरिश भाषेत कविता करणारा गॅरोड, तळ्याखाली झोपला आहे आणि दर सात वर्षांनी घोड्यावरून पाण्यावर येतो, असं लोक सांगतात. पाटीवर याच्या दोन ओळी होतात. त्या मागची शेतांची नावं आणि कोणत्या घरात कथा कशी वेगळी सांगतात, हे फक्त तिथल्या माणसाच्या तोंडून येतं. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या आईचे वडील ‘हनी फिट्झ’ यांच्या नावाने उभं राहिलेलं गावचं छोटं नाट्यगृहही याच जगण्याचा भाग आहे. हिवाळ्यात पर्यटक नसताना तिथे नाटकाची तालीम होते, तेव्हाही वारसा चालूच असतो. डोकी मोजणाऱ्या अहवालात त्याला रकाना नाही.

गावपण म्हणजे सगळं चालवून घेणंही नव्हे. अयनदिनाला लोक येतात तेव्हा दगडांच्या भेगांत नाणी खोचली जातात, मेणबत्त्यांचं मेण ओघळतं, कधी शेकोटी पेटते. चुनखडीचा दगड तापला की त्याचे पापुद्रे सुटतात आणि ते परत बसत नाहीत. नाण्यामुळे भेग रुंदावते, तिच्यात पाणी गोठतं, दगड चिरतो. धातुशोधक यंत्र परवान्याशिवाय वापरणं १९८७च्या कायद्याने गुन्हा आहे, हे दारातच सांगायला हवं. इथेही ओळखीचा माणूस नम्रपणे आडवा आला तर जास्त ऐकलं जातं. गर्दी असेल तर एका वाटाड्यामागे पंधरावीस माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की मागची माणसं ओल्या उतारावर वाट सोडून पसरतात, गवत मरतं, आणि पहिल्या पावसात त्या जागी चर पडतो.

म्हणून लिमरिकच्या परिषदेपुढे आणि वारसा खात्यापुढे मागणी नेमकी ठेवावी. केंद्राच्या अनुदानाची कसोटी प्रवेशसंख्येऐवजी चार नोंदींवर लावावी: तळ्याच्या निरीक्षणाची वही, शाळांना दिलेले तास, स्थळांच्या हानीची दर तिमाहीची छायाचित्रं, आणि गावच्या कार्यक्रमांसाठी इमारत किती संध्याकाळी उघडी राहिली. पाणलोटातल्या सेप्टिक टाक्यांची तपासणी आणि दुरुस्तीचं अनुदान प्राधान्याने इथे आणावं. आणि तळ्यावर कुठलाही उपाय ठरवणाऱ्या बैठकीत जलतज्ज्ञ, पुरातत्त्वज्ञ, काठचे शेतकरी आणि सहकारी संस्था यांच्या जागा आधीच लिहून ठेवाव्यात, मतदानाच्या हक्कासह. पहिली बैठक जानेवारीत घ्यावी, राडा पसरायची बंदी उठण्याच्या आधी.